रथाला करंट कोण देणार

भागोजी आमच्या चौलच्या ग्रामस्थ मंडळाची शववाहिनी चालवतो. गाडीच्या दोन्ही अंगांना 'वैकुंठरथ' असं रंगवलेलं आहे, म्हणून गावात तिला रथ म्हणतात.

त्याआधी नऊ वर्षं तो माझ्याबरोबर खलाशी होता. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. कंपनीत टाक्या, पाइप, मशिनं साखळीने उचलून जागेवर बसवणारा. एका दुपारी पाइप घसरला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. मग भागोजीने टेम्पो चालवला, वाड्यांमधून नारळ उतरवले. मंडळाने जुनी डिझेल गाडी घेतली तेव्हा ड्रायव्हर व्हायला कोणी तयार होईना. भागोजी तयार झाला.

मला तेव्हा म्हणाला, "दादा, वजन उचलायचं आन जागंवर पोचवायचं. आपन दुसरं काय करीत व्हतो?"

लोकांना तसं वाटत नव्हतं. सकाळी अलिबागला कोर्टाच्या कामाला निघालेला माणूस वाटेत भागोजी दिसला तर घरी परत जाई, पाणी पिई आणि पुन्हा निघे. लग्नाचं आमंत्रण भागोजीला येई, पण "हळदीला नको, जेवायलाच ये" असं बजावून. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. त्याला एवढंच हवं होतं की लोकांनी या कामाला काम म्हणावं, आणि त्याच्या हाताला कामकऱ्याचा हात. ते कोणी म्हणत नव्हतं. त्यामुळे गाडी एकदाही अडता कामा नये, असा त्याने हट्ट धरला होता. काम चोख झालं की लोक कधीतरी मानतील, असा त्याचा हिशेब.

गाडी अडली ती मार्चमध्ये. सोनाबाई गेली होती. रेवदंड्याची, मासे सुकवून विकणारी बाई, ऐंशीच्या पुढची. तिला घरातून उचलून रथात ठेवलं, भागोजीने चावी फिरवली, आणि टक् असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. बॅटरी बसली होती.

घरातून बाहेर काढलेलं मयत परत आत नेत नाहीत. गल्लीत सात मोटारी उभ्या होत्या, मी मोजल्या. सातही मोटारींचे मालक मयताला आलेले. भागोजीने सीटखालून जम्पर वायर काढली आणि प्रज्योतकडे गेला. प्रज्योत सोनाबाईचा पुतण्या, गाडी नवीकोरी.

"जरा बॉनेट उघड. दोन मिनिटांचं काम हाय."

"काका, राग मानू नका. गाडीला अजून महिना नाही झाला. पहिलाच करंट रथाला द्यायचा?"

"तुझीच काकी हाय ना आत?"

"म्हणूनच खांदा दिला की. गाडीचं वेगळं."

दुसरा म्हणाला, "माझी सीएनजी हाय. चालत न्हाय."

"सीएनजीचा आन बॅटरीचा काय संबंध?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला न्हाय कळत. तुला कळतं, तर तूच चालू करून दे."

कोणी हसलं. तेवढंच. सातपैकी एकाही गाडीचं बॉनेट उघडलं नाही.

मग धक्का मारायचं ठरलं. अकरा जण लागलो. अकरा असले तरी जोर सहाजणांचाच होता. बाकीचे नुसते हात टेकवून चालत होते. धक्का मारणारा माणूस पायाने ओळखू येतो. ज्याची टाच जमिनीला टेकलेली असते तो ढकलत नसतो. गल्लीत चढ होता. सोनाबाईचा मुलगा स्वराज विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालत होता. त्याने मागे वळून बघायचं नसतं. गाडी येते आहे की नाही हे त्याला कळेना. तो चार पावलं जाई, थांबे, आणि समोर बघतच विचारी, "आली का? अरे, आली का?"

तिसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. झटक्याने तिरडी हातभर पुढे सरकली आणि आत बसलेल्या बायकांनी हंबरडा फोडला. स्मशानात भागोजी कोणाकडे न बघता गाडीजवळ उभा राहिला.

आठवड्याने मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष महादेव सर. निवृत्त मुख्याध्यापक, सुपारीची मोठी वाडी, सरळ माणूस. काही जण म्हणाले की रथ विकून टाका. एकाने ड्रायव्हर बदला म्हटलं. भागोजी दाराशी उभा होता, त्याच्या समोरच म्हटलं. मी हात वर केला आणि कारण सांगितलं. रथ आठ आठ दिवस उभा असतो. निघाला की दोन किलोमीटर जातो. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं दोन किलोमीटरमध्ये परत भरत नाही. वर खारी हवा. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घातल्या, तिसरीही अशीच जाईल. भागोजी रिकामी गाडी फिरवून आणायचा, तर लोकांनी तक्रार केली होती की कोणी मेलेलं नसताना रथ दारावरून नेऊ नका.

"मग उपाय काय?" सरांनी विचारलं.

"जम्प स्टार्टर घ्या. हातात धरायची बॅटरी असते. तिने गाडी चालू होते. दुसऱ्या गाडीची गरज नाही."

सर म्हणाले, "म्हणजे कोणाच्या दारात करंट मागायला जायला नको. घ्या. यंत्र आहे ते. यंत्राला सोयरसुतक नसतं." आणि त्यांनी सही केली.

अलिबागला कमलेशभाईंचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. मी आणि भागोजी रथ घेऊनच गेलो. वस्तू लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही, एवढं आम्ही दोघं कंपनीत शिकलो होतो. कमलेशभाई धावत बाहेर आले.

"अरे भाई, भाई! दुकानासमोर? गिऱ्हाईक पळेल ना माझं!"

"गिऱ्हाइकच हाय मी," भागोजी म्हणाला.

"मागे घे. गल्लीत. बाबा, जल्दी घे."

मागच्या गल्लीत, गटाराशेजारी रथ लावला. भागोजीने आदल्या रात्री दिवे चालू ठेवून बॅटरी मुद्दाम बसवली होती. येताना उतारावर सोडून गाडी चालू केली होती, पण जुनी बॅटरी वाटेत काही भरली नव्हती.

कमलेशभाईंनी तीन जम्प स्टार्टर मांडले. पहिला मोबाइलपेक्षा थोडा जाड. "सगळ्यात जास्त खपतो. खिशात मावतो."

भागोजीने चिमटे लावले, सेल्फ मारला. टक्.

"हा पेट्रोलचा," मी म्हटलं. "डिझेलचं इंजिन फिरवायला जोर लागतो. एवढ्याने नाही व्हायचं."

"खोक्यावर तर सगळ्या गाड्यांचं चित्र हाय," भागोजी म्हणाला.

"चित्राला काय लागतं?" कमलेशभाई म्हणाले. ते स्वतःच्या मालाबद्दल असं बोलले, म्हणून मला माणूस बरा वाटला.

दुसऱ्याने इंजिन फिरलं, पण धरलं नाही. चौथ्या वेळी यंत्र गरम झालं आणि त्याचा दिवा गेला. तिसरा विटेएवढा होता. चिमटे तांब्याचे, वायर अंगठ्याएवढी जाड. भागोजीने हातात घेऊन तोलला. सेल्फ मारला. रथ चालू झाला.

"घ्या, झालं," कमलेशभाई म्हणाले.

"बंद करतो. अजून चार येळा."

"चार कशाला?"

"येक येळा कोन पन चालू व्हतं."

पाच वेळा लावलं, पाचही वेळा चालू झालं. मग भागोजीने विचारायला सुरुवात केली. चिमटे उलटे लागले तर? यंत्र ओरडतं, करंट सोडत नाही. उन्हात गाडीत ठेवलं तर? फुगेल, ठेवू नका. नुसतं पडून राहिलं तर किती दिवस टिकतं? तीन महिने, पण महिन्याला चार्ज केलेलं बरं. भागोजीने प्रत्येक उत्तर दोनदा म्हणून घेतलं. वहीत लिहिलं नाही. त्याला लिहावं लागत नाही.

कमलेशभाईंनी लावून बघितलेले दोन स्टार्टर फडक्याने पुसले आणि खोक्यात परत घातले. आमच्याकडे बघून म्हणाले, "आता हे कुठल्या गाडीला लावले होते, ते कोणाला बोलू नका हं."

उन्हात ठेवायचं नाही म्हणून ते यंत्र भागोजीच्या घरी राहिलं. मला वाटलं होतं आवडाबाई, म्हणजे त्याची बायको, नको म्हणेल. तिने कोयता, पहार आणि टिकाव ठेवतात त्या फळीवर जागा केली. दसऱ्याला मी गेलो तेव्हा पाटावर हत्यारं मांडली होती आणि कोयत्याशेजारी ते विटेएवढं यंत्र, त्यावर झेंडूचं फूल.

"वहिनी, याची पण पूजा?"

"मग? हत्यारच हाय त्यांचं," ती म्हणाली. "फकस्त कुकू वायरीत जाऊ देऊ नको म्हनले."

एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत ते यंत्र अकरा वेळा लागलं. अकराही वेळा रथ पहिल्या सेल्फला चालू झाला. भागोजी मयताच्या घरी पोचला की लोक बाजूला होत, काम झालं की पुन्हा बाजूला होत. गाडी अडली नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. न अडलेलं काम कोणाच्या लक्षात येत नाही.

डिसेंबरात टेकडीवरच्या दत्ताची जत्रा होती. जत्रेच्या दिवसांत टेकडीखालचा रस्ता माणसांनी भरतो आणि साऱ्या रिक्षा जत्रेच्या फेऱ्या मारतात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भागोजीच्या ओटीवर बसलो होतो. महादेव सरांची वाडी तिथून दोनशे पावलांवर. साडेचारच्या सुमाराला सरांचा मुलगा सलिल धावत आला.

"जम्पर वायर आहे का कोणाकडे? आईला काहीतरी झालंय. गाडी चालू होत नाही."

पद्मावहिनी, म्हणजे सरांची बायको, जेवल्यावर हात जड वाटतो म्हणून झोपल्या होत्या. उठल्या त्या तोंड वाकडं घेऊनच. सलिल मुंबईला असतो, त्याची मोटार वाडीत महिना महिना उभी असते. मोटार ऑटोमॅटिक, धक्का मारून चालू होत नाही. अँब्युलन्सला फोन केला होता. ती मुरूडकडे गेली होती, आणि आली तरी जत्रेतूनच येणार. शेजारची वाडी बंद होती. तिची माणसं जत्रेला.

भागोजी आत गेला आणि यंत्र घेऊन आला. आम्ही तिघं धावलो. वाडीच्या फाटकाशी तो थांबला आणि यंत्र माझ्या हातात दिलं.

"दादा, तुमी न्या. तुमच्या हातचं घेतील."

पद्मावहिनींना खुर्चीवर बसवून अंगणात आणलं होतं. सर त्यांची मान धरून उभे होते. सलिलने बॉनेट उघडलं. मी लाल चिमटा हातात घेतला. सरांनी माझ्या हातातलं यंत्र बघितलं, मग फाटकाकडे बघितलं. फाटकाबाहेर भागोजी उभा होता.

"ते नको," सर म्हणाले.

"बाबा, बॅटरी आहे ती," सलिल म्हणाला.

"मला माहीत आहे. मीच सही केली आहे."

"मग?"

"मग नको. तिला रथाच्या करंटवर नको न्यायला. दुसरं काही बघ. सलिल, रस्त्यावर जा, रिक्षा थांबव."

"बाबा, वेळ..."

"नको म्हणालो ना!"

त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखतो, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माणूस कडवा नव्हता, घाबरला होता. सलिल रस्त्याकडे पळाला.

आता माझं सांगतो. लाल चिमटा टर्मिनलपासून वीतभर होता. लावून चावी फिरवायला एक मिनिट लागलं असतं. सर काही माझा हात धरणार नव्हते. मी लावलं नाही. खलाशाच्या कामात नियम असतो. 'उचल' हा इशारा एकाच माणसाने द्यायचा, पण 'थांब' कोणीही म्हणू शकतो. थांब ऐकलं की हात थांबलाच पाहिजे, मग म्हणणारा साहेब असो की झाडूवाला. विचारायचं नाही, का ते. त्या नियमाने किती जणांचे जीव वाचलेले मी बघितले आहेत. त्या दिवशी माझा हात तसाच थांबला. फाटकाबाहेर भागोजीचाही थांबला. तो त्याच नियमात वाढलेला.

पद्मावहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना काय हवं होतं ते कळलं नाही. तोंडातून शब्द येत नव्हता.

कोणीतरी मोटारसायकल आणली. मधे बसवायचा प्रयत्न केला, पण मान राहत नव्हती. रिक्षा मिळाली तेव्हा सव्वापाच झाले होते. ती जत्रेतून बाहेर पडायला आणखी वीस मिनिटं गेली. अलिबागच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, हात कधी जड झाला? मग घड्याळ बघितलं. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं, म्हणाले. वेळ टळून अर्धा तास झाला होता. मग पनवेलला हलवलं.

दीड महिन्याने पद्मावहिनी घरी आल्या. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलतात, पण कळत नाही.

त्यानंतर एकदा सर माझ्या घरी आले. बसले नाहीत.

"तू तरी का थांबलास? मी नको म्हटलं तरी तू लावायचं होतंस."

"तुम्ही नको म्हणालात, सर."

"मी काय बोलत होतो ते मला तरी कळत होतं का?"

ते आले तसे परत गेले. त्यांनी भागोजीलाही हेच विचारलं होतं, हे मला नंतर आवडाबाईकडून कळलं. त्या रात्री तो जेवला नाही, असं ती म्हणाली.

फेब्रुवारीत सरांनी भागोजीला बोलावलं. त्याने मला बरोबर घेतलं. पद्मावहिनींना आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी अलिबागला न्यावं लागतं, आणि मोटार पुन्हा अडून चालणार नव्हतं. सर ड्रायव्हिंग शिकले होते. त्यांनी एक खोकं पुढे केलं. आत जम्प स्टार्टर होता. तोच, विटेएवढा, तांब्याच्या चिमट्यांचा. कमलेशभाईंकडूनच आणलेला.

"रथाला कुठला घेतला होता ते विचारलं आणि तोच मागितला," सर म्हणाले. "तुम्ही पारखून घेतला होतात ना."

"व्हय सर. चांगला हाय."

"वापरायचा कसा ते दाखव."

पद्मावहिनी ओटीवर खुर्चीत होत्या, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून. भागोजी मोटारीपासून दोन हात लांब उभा राहिला. दोन्ही हात पाठीमागे.

"आधी बॉनेट उघडा. लाल चिमटा घ्या. बॅटरीवर अधिकाची खून हाय, त्याच्यावर लावा."

सरांनी लावला. चिमटा घसरला.

"अरे, लावून दाखव ना," सर म्हणाले.

"नको सर. तुमीच लावा. सवय व्हईल."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या पाठीमागच्या हातांकडे बघितलं. पुन्हा चिमटा उचलला आणि उलट्या टर्मिनलला लावला. काळाही लावला. यंत्र ओरडू लागलं. ओटीवर पद्मावहिनी दचकल्या.

"काय न्हाय व्हत, वहिनी," भागोजी तिकडे वळून म्हणाला. "उलटं लागलं की वरडतं. चांगलं हाय ते. सर, दोन्ही काढा. बदला. सावकाश."

सरांनी काढले, बदलले. ओरडणं थांबलं. आत बसून बटण दाबलं. मोटार चालू झाली.

"आता उतरा. आधी काळा काढा, मग लाल. चिमटे येकमेकांना लागू देऊ नका. गाडी पंधरा मिनटं चालू ठेवा. यंत्र गाडीत ठेवू नका, घरात ठेवा. महिन्याला चार्ज करा."

सर एकेक शब्द मागून म्हणत होते, शाळेतल्या पोरासारखे. सगळं मिळून सात मिनिटं लागली. भागोजीने कशालाही हात लावला नाही.

आतून सुनेने दोन कप चहा आणून ओटीच्या कठड्यावर ठेवला. पद्मावहिनी डावा हात हलवून काहीतरी सांगू लागल्या. सर जवळ गेले, कान दिला, पण त्यांना कळलं नाही. वहिनींनी पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही. त्या चिडल्या आणि रडायला लागल्या.

मी माझा कप घेतला. भागोजीचा तिथेच राहिला. तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला होता आणि मोटारीच्या आवाजाकडे कान लावून पंधरा मिनिटं पुरी व्हायची वाट बघत होता.